नेपाळला जाताय? आधी विचारा, रुपया कुणाचा

सोलापुरातून नेपाळला जाणारे साधारण दोन प्रकारचे. एक, यात्रा कंपनीबरोबर पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करणारे. त्यांचा चहा, जेवण, बस, मुक्काम सगळं आधीच ठरलेलं. दुसरे, चार-पाच जण मिळून स्वतःच्या हिमतीवर निघणारे. हा लेख मुख्यतः दुसऱ्यांसाठी. पण खरेदी, रिक्षा आणि वरचा चहा पहिल्यांनाही स्वतःच्याच खिशातून करावा लागतो, त्यामुळे पैशांचा भाग त्यांनीही वाचावा.

नेपाळमध्ये परकेपणाचा त्रास होत नाही. त्रास होतो तो ओळखीचा. देव आपलेच, पाट्यांवरची अक्षरं वाचता येतात, हिंदी बहुतेकांना कळते, पैशाला रुपयाच म्हणतात. माणूस निर्धास्त होतो आणि मोजायचं विसरतो. तिथे दोन रुपये चालतात आणि दोघांची किंमत एक नाही. एवढं एक पक्कं डोक्यात ठेवलं तर निम्मी भांडणं टळतील.

कागदपत्रं

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. याचा अर्थ ‘आधार कार्ड खिशात टाकलं की झालं’ असा मात्र नाही. विमानाने जाणाऱ्याला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार, लायसन, पॅन हे फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेता येतो. पण घरात दहावी-बारावीची पोरं असतील तर सरळ पासपोर्ट काढून टाका, पुढेही उपयोगी पडेल.

मतदार कार्डावरचं आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का, ते आत्ताच बघा. आपल्याकडच्या तेलुगू, कन्नड आडनावांची इंग्रजीत तीन-तीन स्पेलिंगं फिरत असतात. विमानतळावरच्या काउंटरवर ते समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. रस्त्याने जाणाऱ्यांनीही हीच कागदं ठेवावीत. सीमेवर रोज हजारो लोक पायी ये-जा करतात आणि कुणी अडवताना दिसत नाही, हे खरं. पण पुढे हॉटेलात खोली घेताना, सिमकार्ड घेताना ओळखपत्र मागतातच. पासपोर्ट साइजचे दोन-चार फोटो आणि झेरॉक्सही ठेवा.

जायचं कसं

स्वस्तातला मार्ग रेल्वेचा. पुणे किंवा मुंबई गाठायची, तिथून गोरखपूरची गाडी. गोरखपूरहून सुनौली सुमारे शंभर किलोमीटर, बस आणि जीप भरपूर. सुनौलीची कमान पायी ओलांडली की पलीकडे बेलहिया, आणि थोडं पुढे भैरहवा. लुंबिनी तिथून जवळ आहे. इतक्या जवळ येऊन बुद्धाचं जन्मस्थान न बघता काठमांडूची बस पकडणारे लोक मला कळत नाहीत.

भैरहवा ते काठमांडू किंवा पोखरा हा पूर्ण दिवसाचा घाटरस्ता. पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरडीबरोबर दोन बस त्रिशूली नदीत गेल्या होत्या. त्यामुळे आषाढ-श्रावणात जाऊ नका, आणि गेलातच तर रात्रीची बस नको. स्वतःची गाडी नेणाऱ्यांना सीमेवर ‘भन्सार’ भरावा लागतो, म्हणजे गाडीचा दिवसांच्या हिशेबाने होणारा जकात परवाना. जितके दिवस राहायचं त्यापेक्षा एक-दोन दिवस जास्तीचा काढा. मुदत उलटली की दंड भरावा लागतो.

आयसी आणि एनसी

आता मुख्य विषय. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला बांधलेला आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. डॉलर वर जावो, खाली येवो, हा दर हलत नाही. नेपाळचा बहुतेक व्यापार भारताशी आणि सीमा उघडी, म्हणून ही बांधणी टिकून आहे. बँक शंभर भारतीय रुपयांना १६० देते आणि परत घेताना १६० रुपये १५ पैसे मागते. फरक तेवढाच. याहून फार कमी कुणी देत असेल तर तो त्याचा नफा आहे, सरकारी दर नव्हे.

बाजारात भारतीय रुपयाला ‘आयसी’ आणि नेपाळी रुपयाला ‘एनसी’ म्हणतात. सीमेजवळ आणि यात्रेच्या ठिकाणी दोन्ही चालतात, आणि गोंधळ तिथेच होतो. बेलहियातल्या एखाद्या टपरीवर तिघांनी चहा-बिस्किटं घेतली. तुम्ही विचारलंत, “दाइ, कति भयो?” तो म्हणाला, “असी.” असी म्हणजे ऐंशी. इथे लगेच ऐंशी काढून देऊ नका. “आयसी की एनसी?” एनसी असेल तर भारतीय पन्नास झाले. न विचारता शंभराची भारतीय नोट पुढे केली, तर सुटे कोणत्या रुपयांत परत आले हेही मोजून घ्या. बहुतेक दुकानदार चोख असतात, पण गर्दीत दोघांच्याही लक्षात राहत नाही.

हिशेबाला मोबाईल काढायची गरज नाही. नेपाळी किंमत भारतीय करायची तर निम्मं करा आणि त्यात निम्म्याचा पाव मिळवा. ४०० नेपाळी: निम्मे २००, त्याचा पाव ५०, झाले २५०. उलटं करायचं तर मूळ रकमेत तिचं निम्मं आणि दहावा हिस्सा घाला: ३०० भारतीय, अधिक १५०, अधिक ३०, म्हणजे ४८०. मार्केट यार्डात उभ्या-उभ्या क्विंटलचा हिशेब करणाऱ्या गावाला हे जड जाऊ नये.

कोणत्या नोटा न्याव्यात? शंभरच्या आणि त्याखालच्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यामागे राग आणि अनुभव दोन्ही होते. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळी लोकांच्या घराघरांत साठवलेल्या आपल्या पाचशे-हजारच्या नोटा अडकल्या आणि बदलून मिळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. अलीकडे हे नियम सैल करण्याच्या हालचाली दोन्ही देशांनी केल्या आहेत. तरी निघायच्या आठवड्यात बँकेत चालू नियम विचारा, आणि तो काहीही असला तरी शंभरची एक गड्डी जवळ ठेवाच. दहा हजारांची ती गड्डी बँकेतून आदल्या दिवशी मिळेलच असं नाही, चार दिवस आधी सांगून ठेवा.

बाकीच्या पैशांसाठी दोन मार्ग. भारतीय एटीएम कार्ड मोठ्या गावांत चालतं, पण प्रत्येक वेळी तिथली बँक आणि आपली बँक दोघी शुल्क कापतात. म्हणून पाचशे-पाचशे करून काढू नका, लागतील तेवढे एकदम काढा. दुसरा मार्ग यूपीआय. मार्च २०२४ पासून नेपाळच्या ‘फोनपे’ क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. नाव ऐकून फसू नका. हे तिथलं ‘फोनपे’ वेगळं, आपल्या मोबाईलमधलं वेगळं. तुमच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंटचा पर्याय असतो, तो सुरू करून घ्या. अर्थात इंटरनेट हवंच. रोमिंग महाग पडतं, म्हणून नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या, पण बँकेचा ओटीपी येणारं आपलं सिमही फोनमध्ये राहू द्या.

नोट हातात आल्यावर

नेपाळी नोट एकदा निवांत बघा. तिच्यावरच देशाची अर्धी ओळख छापलेली आहे. समोरच्या बाजूला डावीकडे सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट. आकडे देवनागरी, ‘नेपाल राष्ट्र बैंक’ हे नाव देवनागरी, नोटेचा क्रमांकसुद्धा देवनागरी. इंग्रजी मागच्या बाजूला. आपल्याला दोन्ही बाजू वाचता येतात, ही मोठी सोय. फक्त ५, ८ आणि ९ या आकड्यांचं वळण आपल्यापेक्षा थोडं वेगळं असतं. घाईत पाच कोणता नि आठ कोणता हे चुकू शकतं.

मागच्या बाजूला प्राणी. पाचवर याक, दहावर काळवीट, वीसवर बारशिंगा, शंभरवर एकशिंगी गेंडा, पाचशेवर वाघ, हजारवर हत्ती. पन्नासवर आधी थार नावाचा डोंगरी बोकड होता, नंतरच्या नोटांवर हिमबिबट्या आला, दोन्ही चालतात. म्हाताऱ्या माणसांना सोबत नेत असाल तर त्यांना एवढंच शिकवा: गेंडा म्हणजे शंभर, वाघ म्हणजे पाचशे, हत्ती म्हणजे हजार. चष्मा नसला तरी फसगत होत नाही. समोर देवळंही आहेत. दहावर गरुडावर बसलेला विष्णू, पन्नासवर जनकपूरचं जानकी मंदिर, हजारवर स्वयंभूनाथचा स्तूप.

क्वचित राजाचं चित्र असलेली जुनी नोट दिसेल. २८ मे २००८ ला नेपाळमधली राजेशाही संपली, पण नोटेवरून राजा त्याच्या आधीच, २००७ मध्ये उतरायला लागला होता. तेव्हाची पाचशेची नोट गमतीची आहे. कागद जुना, त्यात राजाच्या चेहऱ्याचं जलचिन्ह तसंच राहिलेलं. मग त्या जागी वरून गुराँसचं लाल फूल छापलं. उजेडात धरली की फुलामागे राजा दिसतो. संग्रहाला छान, पण सुट्यांत अशी नोट कुणी दिली तर बदलून मागा. पुढचा दुकानदार घेईलच असं नाही.

नाणी फार फिरत नाहीत. किमती पाच-दहाच्या पटीत असतात, सुट्टे पाच-दहाच्या नोटांत मिळतात. देवळात टाकायला आपली एक-दोनची नाणी मात्र जरूर न्या.

झेंडा, फूल, पक्षी, गाय

राष्ट्रीय चिन्हांची यादी पाठ करून कुणी फिरायला जात नाही, पण यांतल्या दोन-तीन गोष्टी प्रवासात कामाला येतात.

झेंडा पहिला. जगात चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज फक्त नेपाळचा. एकावर एक दोन त्रिकोणी पताका, रुंदीपेक्षा उंची जास्त. रंग गुराँसच्या फुलाचा लाल, भोवती निळी किनार. वरच्या पताकेत चंद्र, खालच्या पताकेत सूर्य. आजचं रूप १६ डिसेंबर १९६२ ला ठरलं. त्याआधीच्या झेंड्यात चंद्र-सूर्याला नाक-डोळे असायचे. हा झेंडा काढायचा कसा, कोणती रेघ कुठून कुठे ओढायची, हे थेट राज्यघटनेच्या परिशिष्टात भूमितीच्या कृतीसारखं लिहून ठेवलंय. बरोबर सातवी-आठवीतलं पोर असेल तर बसमध्ये पट्टी-कंपास देऊन बसवा, नारायणगढपर्यंत शांतता.

फूल लालीगुराँस. हे बघायचं तर मार्च-एप्रिलमध्ये पोखऱ्याच्या वरच्या बाजूला, घोडेपानीकडे जा, सगळा डोंगर लाल होतो. पक्षी डाँफे, उंचावर राहणारा, इंद्रधनुष्यासारख्या रंगांचा. तो यात्रेकरूंना सहसा चित्रातच भेटतो. सरकारी पाट्यांवर आणि तिकिटांवर राष्ट्रचिन्ह दिसेल: सगरमाथा, हिरवे डोंगर, पांढरा नकाशा, स्त्री-पुरुषाचे मिळालेले हात आणि खाली ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’. त्यातल्या नकाशावरून भारत-नेपाळमध्ये वाद आहे. २०२० मध्ये चिन्हातला नकाशा बदलला, २०२४ मध्ये तोच शंभरच्या नोटेवर छापायचं ठरलं. टॅक्सीत बसून हा विषय उकरून काढू नका. समोरच्याने काढला तर ऐकून घ्या.

गाय राष्ट्रीय प्राणी आहे, गोहत्या गुन्हा आहे. गाडी चालवणाऱ्यांनी रस्त्यावरच्या गाईला जपावं. पण यावरून खाण्याबद्दल चुकीचा अंदाज बांधू नका. मेनूकार्डावर ‘बफ’ लिहिलेलं असतं, ते म्हशीचं मांस, आणि काठमांडूत ते सर्रास खाल्लं जातं. ‘मोमो’ एवढंच म्हणालात तर बफचे समोर येण्याची शक्यता दाट. शाकाहारी असाल तर ‘भेज मोमो’, कोंबडी हवी तर ‘चिकन’, असं स्पष्ट सांगा. माळकऱ्यांनी शुद्ध शाकाहारी पाटी बघूनच शिरावं. मारवाडी भोजनालयं काठमांडूत आणि सीमेजवळ आहेत.

रोजचा खर्च

आकडे नेपाळी रुपयांत देतोय आणि ते ढोबळ आहेत. जागेप्रमाणे, हंगामाप्रमाणे वरखाली धरा. साध्या टपरीवरचा चहा २० ते ४०. मोमोची प्लेट १२० ते २५०. साध्या भोजनालयात दाल-भात-तरकारीची थाळी २०० ते ४००. शहरातली बस २० ते ४०. दोघांची साधी, स्वच्छ खोली १,२०० ते २,५००. हे सगळं ‘निम्मं आणि निम्म्याचा पाव’ करून बघा. जेवणखाण साधारण आपल्याकडच्याच भावात पडतं. महाग पडते ती टॅक्सी आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू. भारतातून गेलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर नेपाळी किंमत वेगळी छापलेली असते, ती बघून ‘लुटतोय’ म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका.

थाळीत भात, डाळ, भाजी पुन्हा-पुन्हा वाढतात, त्याचे जादा पैसे सहसा लागत नाहीत. पण दोन्ही वेळ भातच. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी हे जाणवायला लागतं. यावर सोलापुरी उपाय आहे: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी आठवडाभर टिकते, चटणी त्याहून जास्त. भाकरी कडक डब्यातच न्या, पिशवीत ठेवली तर सुनौलीला पोचेपर्यंत चुरा. चटणीचं तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवी. तिथल्या ‘अचार’मध्ये टिम्मूर घातलेला असतो, जीभ बधिर करणारा; आमच्या चटणीपुढे तो काही नाही, असं मी म्हणेन, पण चाखून बघा.

मोठ्या हॉटेलात मेनूवरच्या दरावर १३ टक्के व्हॅट चढतो, काही ठिकाणी सेवाशुल्कही. ऑर्डरआधी ‘कर धरून का’ ते विचारा. टॅक्सी मीटरने येत नसेल तर बसण्याआधी भाडं ठरवा, किंवा ‘पठाओ’, ‘इनड्राइव्ह’ या ॲपवर दर बघून मग बोला.

प्रेक्षणीय स्थळांच्या तिकीट खिडकीवर तीन दर असतात: नेपाळी, सार्क देशांचे नागरिक आणि इतर परदेशी. आपण मधले. ओळखपत्र दाखवल्याशिवाय हा दर मिळत नाही, आणि खिडकीवरचा माणूस आपणहून विचारेलच असं नाही. काठमांडू-पोखरा विमानाचंही भारतीयांसाठी वेगळं, कमी भाडं असतं. तिकीट काढताना ‘भारतीय’ हा पर्याय निवडा. पशुपतिनाथला आपल्याला प्रवेशशुल्क नाही. मुख्य मंदिरात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही आणि आत फोटो काढता येत नाही. तिथले मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून येतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्यांनी कानडीत नमस्कार करून बघायला हरकत नाही.

मुक्तिनाथचं गणित वेगळं. ते सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. जोमसोमच्या वर सगळा माल जीपने चढतो, त्यामुळे पाण्याची बाटली, चहा, खोली सगळ्यांचे भाव चढत जातात. रोख पैसे पोखऱ्यातच काढून घ्या. एक सोलापुरी चादर बरोबर असू द्या, वरच्या खोल्यांतली पांघरुणं जाड असतात पण कितीजणांनी वापरली ते विचारू नये.

वार आणि वेळ

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. सहाची बस म्हणजे आपले पावणेसहा. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्या दिवशी बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद. रविवारी कामकाज सुरू. तारीख विक्रम संवतात लिहितात. आपला शालिवाहन शक इसवी सनाच्या ७८ वर्षं मागे, त्यांचा संवत साधारण ५७ वर्षं पुढे. बसच्या तिकिटावर, बिलावर तोच असतो आणि महिन्यांच्या तारखाही जुळत नाहीत, म्हणून तिकीट हातात पडताच ‘हे इंग्रजी कितवी तारीख?’ ते विचारून पेनाने वर लिहून ठेवा. दसऱ्याला तिथे दशैं म्हणतात. त्या पंधरवड्यात निम्मं काठमांडू गावी जातं, बसला जागा मिळत नाही आणि बरीच दुकानं बंद असतात.

परतताना

उरलेले नेपाळी रुपये सीमा ओलांडण्याआधी भारतीय करून घ्या. सोलापुरात ते कुणी घेणार नाही. शेवटच्या दोन दिवसांत लागतील तेवढेच काढा. खुकुरी घेतली असेल तर विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावी लागते. पश्मिना म्हणून जे रस्त्यावर चारशे-पाचशेला मिळतं ते पश्मिना नसतं. टॉवेल-चादरींच्या गावातल्या माणसाला सूत हाताला लागलं की कळायला हवं.

आणि गोरखपूरहून परतीचं आरक्षण सीमा ओलांडण्याच्या दिवसाचं काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा. घाटात एक ट्रक आडवा झाला की चार-पाच तास जातात, आणि सुनौलीच्या कमानीपाशी मालट्रकांची रांग असते ती वेगळीच.